संशयिताची सून

डिसेंबर उतरणीला लागला की माझ्या नाकात कापूस जातो. अकोल्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर आता कापूस यायचा कुठून? कापसाच्या बैलगाड्या गेल्या, सरकी काढायची जिनं गावाबाहेर गेली, आणि सुनेनं खिडक्यांना बारीक जाळ्या लावून घेतल्यात. तरी मला शिंका येतात. डॉक्टर ॲलर्जी म्हणतात, म्हणोत बापडे. एका जागी बसवत नाही. तुरीच्या शेंगा सोलायला घेते, अर्ध्यावर टाकते, गॅलरीत जाते, पुन्हा आत येते. सून विचारते, "आई, तुमचं काही हरवलंय का?" हरवलेलं काही नाही. एका हिवाळ्याची तगमग अंगात राहून गेलीय, ती दर वर्षी थंडीबरोबर डोकं वर काढते.

यंदा त्यात नातीनं भर घातली. मीनल पुण्याला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. रविवारी फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते आणि ठेवून देते. परवा मात्र स्वतःचंच गाऱ्हाणं घेऊन बसली. त्यांच्या बँकेत हिशेब मांडायची परदेशातली रीत येऊ घातलीय म्हणे. "आजी, सगळ्या जगाला एकच पद्धत. लंडनच्या बँकेचा ताळेबंद जसा, तसाच आपला. पण आपली माणसं कुठे तशी आहेत? इकडे पैसा येतो कापूस विकल्यावर, आणि तक्ता म्हणतो तारीख उलटली."

"हे तू मला सांगतेस?" मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं आजी थट्टा करतेय. पण माझं लग्न तसल्याच एका तक्त्यात अडकलं होतं, आणि हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा आम्ही अमरावतीला राहत होतो. आम्ही देशमुख, पण वावरं आजोबांच्या हातूनच गेलेली, म्हणून बाबा शिकले आणि नोकरीला लागले. गावातल्या वकील-व्यापाऱ्यांनी मिळून काढलेली एक छोटी बँक होती, तिचे ते मुख्य हिशेबनीस. बँकेचं वर्ष दिवाळीला संपायचं. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांवर हळदकुंकू वाहून बाबा घरी यायचे तेव्हा त्यांची बोटं पिवळी असायची, आणि त्याच बोटांनी ते आम्हाला पेढे द्यायचे. हळदीचा वास लागलेला तो पेढा मला अजून आवडतो. देवळातल्या पेढ्याला ती चव येत नाही.

दिवाळीला वर्ष संपवण्यात भाबडेपणा नव्हता, शहाणपण होतं. दिवाळीपर्यंत वऱ्हाडातला पैसा घरी आलेला असतो. गेल्या हंगामाच्या कापसाच्या गठाणी विकून झालेल्या असतात, वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून नव्या बोंडांची वेचणी नुकती लागलेली असते. अशा वेळी माणसाची पत जोखली तर ती खरी दिसते. डिसेंबरात तीच पत जोखून पाहा. सगळा पैसा कापसात गुंतलेला, कापूस जिनात, जिनं रात्रंदिवस धडधडताहेत, आणि गावातल्या भल्याभल्यांच्या खिशात विडीपुरतेसुद्धा सुटे नसतात.

पण ते दिवसच सगळं नव्यानं मोजायचे होते. आधी आमचा जिल्हा नागपूरकडे तोंड करून होता, मग राज्य बदललं आणि मुंबईकडे बघायची सवय करावी लागली. बाजारात आणे आणि नये पैसे एकाच गल्ल्यात खुळखुळत होते, आणि भाजीवालीशी रोज नव्यानं भांडावं लागत होतं. त्यातच बँकेला फर्मान आलं की आता दिवाळी विसरा. साऱ्या बँका करतात तसं एकतीस डिसेंबरला वर्ष बंद करा, छापील इंग्रजी तक्त्यात ताळेबंद भरा, आणि जी जी येणी आहेत त्यांची प्रतवारी लावा. खात्रीची किती, संशयित किती, बुडीत किती. दिवाळीच्या चोपडीत येणं म्हणजे नुसतं येणं असायचं. माणूस जिवंत आहे आणि रस्त्यानं जाताना नमस्कार करतो आहे, एवढं बाबांना पुरायचं.

एकतीस डिसेंबरला बँकेचा शिपाई सवयीनं नारळ, हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन आला. मुंबईहून आलेला ऑडिटर टेबलाशी बसला होता. त्यानं विचारलं, "हे कशासाठी?" शिपाई म्हणाला, "वर्स संपून राहिलं ना साहेब. लक्ष्मी नाई काय पुजाची?" ऑडिटर माणूस बरा होता. त्यानं चष्मा काढला, नारळ फोडू दिला आणि खोबऱ्याचा तुकडाही खाल्ला. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई खूप हसली. बाबा हसले नाहीत. त्यांची बोटं त्या दिवशीही पिवळी होती, पण पेढे नव्हते.

न हसण्याचं कारण आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

माझी सोयरीक त्या दिवाळीनंतरच ठरली होती. धामणगाव रेल्वे या गावी गुलाबराव म्हणून देशमुख होते, त्यांच्या थोरल्या मुलाशी. घरची काळीभोर वावरं, आणि स्टेशनच्या पलीकडे त्यांचं स्वतःचं जिन. मुलाला मी एकदाच पाहिलं होतं, म्हणजे त्याच्या कोटाला पाहिलं होतं, कारण मान वर करायची सोय नव्हती. त्या कोटाच्या खांद्यावर सरकीला चिकटलेला कापसाचा एवढासा पुंजका होता. बघायला येताना माणूस कोट झटकून येतो. हा तसाच आला. मला तो त्याच पुंजक्यामुळे आवडला, आणि हे मी त्याला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितलं तेव्हा तो लाजला.

साखरपुडा झाला. माघातली तारीख धरली. मी त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला, आणि आई पापडांच्या पिठाचा हिशेब करू लागली.

आता गुलाबरावांचं खातं बाबांच्या बँकेत, आणि ते तिचे भागधारकही. त्या साली कापसाचा भाव पडला होता, म्हणून आदल्या हंगामाच्या गठाणी त्यांनी विकल्याच नव्हत्या. भाव चढेल म्हणून थांबले होते. वखारीत माल गच्च, आणि बँकेच्या कर्जाची मुदत उलटलेली. दिवाळीचीच रीत असती तर बाबा धामणगावची गाडी धरून गेले असते, गठाणीत हात खुपसून कापूस चोळून पाहिला असता, गुलाबरावांकडे वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्ली असती, आणि परत येऊन नाव पुढच्या चोपडीत चढवलं असतं. पण नव्या तक्त्यात भरताला रकाना नव्हता.

ऑडिटर म्हणाला होता, "देशमुख, माल आहे हे खरं, पण आजच्या भावानं तो कर्जाला पुरत नाही. नियमाच्या अगदी कडेवरची गोष्ट आहे. माणसाला तुम्ही ओळखता. खात्रीचं की संशयित, ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल त्यावर मी सही करीन."

हे बाबांनी जेवताना आईला सांगितलं. मी ताट वाढत होते. बाबांनी हात आवरला आणि म्हणाले, "मी संशयितात टाकलं."

आईनं हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "अवं, ते व्याही होत आपले."

"म्हूनच."

"म्हूनच म्हंजे?"

"सोयरीक ठरली नसती तं डोळे मिटून खात्रीचं लिवलं असतं मी. गुलाबराव पैसा बुडवनारा मानूस नाई. पन आता माह्या मनाले इचारलं, मी खात्री देऊन राहिलो ते त्याच्या कापसाची, का माह्या पोरीच्या लग्नाची? मले उत्तर नाई आलं."

मी तिथेच उभी होते, हातात भाताचं पातेलं. मला बाबांचा इतका राग आला की आजही तो आठवताना कानशिलं तापतात. खोटं कशाला बोलू? त्यांच्या सरळपणाचं कौतुक मला पुढे वाटलं, चार लोकांत सांगण्यापुरतं वाटलं. त्या क्षणी वाटलं, हा माणूस स्वतःचं मन स्वच्छ ठेवायला माझा संसार पुसतोय.

आईनं एक वाट काढून पाहिली. भागधारकांसाठी अहवाल मराठीत छापायचा होता आणि तक्त्यातल्या इंग्रजी नावांना मराठी शब्द बाबाच शोधत होते. आई म्हणाली, "संशयित नोका लिवू. पोलीस लिवते तसं वाटते. 'उशिराची येनी' म्हना. तेच खरं हाय. पैसा उशिरा येऊन राहिला, एवढंच ना?"

बाबांनी विचार केला. खरंच केला, कारण त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "शब्द चांगला हाय तुहा. पन त्यायच्या कायद्यात तो नाई."

आज वाटतं, आईचा तो शब्द कुणीतरी उचलायला हवा होता. एवढी मोठी मोठी माणसं बसून नियम करतात, साऱ्या जगाला पुरतील असे शब्द घडवतात, आणि त्यांच्यात एकही बाई नसते जिला उशीर आणि संशय यांतला फरक ताट वाढता वाढता कळतो. उशीर ही हंगामाची गोष्ट आहे. संशय ही माणसाची.

मग अहवाल छापून भागधारकांना टपालानं जाईपर्यंतचे दिवस. ते दिवस म्हणजेच माझा हिवाळा. बाकीचा मला धड आठवत नाही. पहाटे जिनाचे भोंगे व्हायचे आणि मी दचकून जागी व्हायची. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या, मागे पांढरा बारीक धुरळा राहायचा, तो वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसायचा, कुंपणाच्या काट्यांना लोंबायचा, चहात पडायचा. मैत्रिणी हुरडा खायला वावरात बोलवायच्या. मी जायची, कणसं भाजली जात असताना उठून उगाच बांधावर फेऱ्या मारायची. स्वेटरची एक बाही झाली, दुसरी उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. बाबा बँकेत जायचे, यायचे, वर्तमानपत्रात कापसाचा भाव पाहायचे. आधी मी तो पाहत नसे. त्या हिवाळ्यात रोज पाहिला. भाव तसूभर हलत नव्हता.

अहवालात कुणाचं नाव छापत नाहीत. आईला तेवढाच धीर होता. पण संशयित येण्यांच्या पुढे एकच रक्कम होती, आणि ती एकट्या गुलाबरावांची होती. नाव नसलं तरी स्वतःचा आकडा माणूस लांबूनही ओळखतो.

ते आले तेव्हा दुपार होती. धोतर, काळा कोट, डोक्याला फेटा, हातात तो पातळसा अहवाल गुंडाळलेला. मी माजघराच्या दाराआड होते. बाबा उठून उभे राहिले. गुलाबराव बसले नाहीत.

"बापूसाहेब, हे मीच ना?" त्यांनी अहवालावर बोट ठेवलं.

"हाव," बाबा म्हणाले.

"मले वाटलंच." त्यांनी अहवाल घडी करून पुन्हा खिशात घातला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "शब्दाचं मले काई नाई. सायबाचा शब्द हाय, सायब गेला तरी शब्द ठेवून गेला. पन तुमी सांगाले काहून नाई आले? धामनगाव काय इलायतेत हाय? गाडीनं यायचं, म्हनायचं, गुलाबराव, असं असं लिवून राहिलो. म्या म्हनलं असतं, लिवा. मले टपालानं कळलं, माह्यावर माह्या व्याह्याले संशय हाय म्हून."

बाबा म्हणाले, "खात्याचं घरी बोलू नये, असा नेम हाय आमचा."

"घरी?" गुलाबराव म्हणाले. "मी तुमच्या घरचा होऊन राहिलो होतो का खात्यातला, ते तं ठरवाले पाह्यजे होतं तुमी."

साऱ्या अमरावतीत हिशेबाला पक्का म्हणून ज्याचं नाव, त्या माणसानं नुसती खुर्ची पुढे सरकवली. आई पाणी घेऊन बाहेर गेली. गुलाबरावांनी पाणी घेतलं, रिकामा गडू खाली ठेवला आणि दारातून वळून म्हणाले, "माघातली तारीख राहू द्या. संशयिताच्या घरी पोरगी कायले देता?"

पाणी प्यायले, एवढ्यावर आईनं पुढचे कितीतरी दिवस काढले. "सोयरीक मोडाची असती तं पानी नसतं घेतलं," ती म्हणायची. दिवसातून कितीदा म्हणायची. बाबा ऐकायचे आणि वर्तमानपत्र पुढे ओढायचे. मी बोलायची, पण फक्त सुयांशी.

माघ गेला. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर उशिराच्या बोंडांची शेवटची फरदड लोंबत होती, तीही वेचून झाली. पळस फुलले. ऊन चटका देऊ लागलं आणि जिनांचे भोंगे थांबले, तशी मला त्या शांततेचीच भीती वाटू लागली. नातेवाईक विचारायचे, कारण काय झालं म्हणून. काय सांगायचं? ताळेबंद आडवा आला, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? हुंडा, पत्रिका, मुलाचं व्यसन, असली कारणं लोकांना समजतात. एका मावशीनं तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मुलात काही दोष निघाला का. मी म्हटलं, "नाही, डिसेंबर महिन्यात निघाला." तिला काही कळलं नाही, आणि मला हसू आलं नाही.

कापसाचा भाव फाल्गुनात चढला. मी वर्तमानपत्रात पाहिला आणि बाबांसमोर ठेवला. त्यांनीही पाहिला. बाबांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा मागितला.

आणि चैत्रात, गुढ्या उतरवून काही दिवस झाले असतील, दारात पुन्हा तोच काळा कोट. या वेळी मागे तो दुसरा कोटही होता, मान खाली घातलेला. गुलाबरावांनी पायरीवरच उभं राहून खिशातून बँकेची पावती काढली आणि बाबांपुढे धरली. सगळं कर्ज, व्याजासकट, फेडल्याची पावती. बाबांच्या बँकेचा शिक्का, बाबांच्याच साहाय्यकाची सही.

"पाह्यली?" गुलाबराव म्हणाले. "आता संशय फिटला असन तं पोरगी मागाले आलो. नसन फिटला तं तसं सांगा, पायरीवरूनच जातो."

बाबा पुढे झाले. पावती घेतलीच नाही. गुलाबरावांचा हात धरला, पावतीसकट, आणि त्यांना आत ओढलं. बाबा रडत होते. मी त्यांना रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, माझी आजी गेली तेव्हा. "मी याले पाह्यजे होतं धामनगावले," ते म्हणत होते, "मीच याले पाह्यजे होतं." गुलाबराव त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "या ना मंग. वरातीतच या."

वैशाखात लग्न झालं. भर उन्हाळ्यात मी नवऱ्याला एका बाहीचा स्वेटर दिला.

मामाजींनी, म्हणजे गुलाबरावांनी, त्या बँकेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. बाबांशी मैत्री राहिली, येणंजाणं राहिलं, भरीतही राहिलं, पण कर्ज त्यांनी दुसरीकडून घेतलं. दोघंही तो विषय काढत नसत. चेष्टा मात्र मामाजी माझी करायचे. पाहुणे आले की म्हणायचे, "हे आमची सून. संशयिताची सून हाय, चहा जपून प्या." सगळे हसायचे. मीही हसायची. पण दर वर्षी डिसेंबराच्या शेवटच्या दिवशी ते सकाळपासून जिनात येरझारा घालायचे, मजुरांवर उगाच खेकसायचे, जेवताना मीठ कमी म्हणायचे, जास्त म्हणायचे. कुणालाच कारण कळायचं नाही. मला कळायचं. मी मुकाट्यानं त्यांच्या ताटात गुळाचा खडा ठेवायची. ते तो खायचे आणि माझ्याकडे न बघता उठायचे. ही तगमग मला बहुधा त्यांच्याकडूनच मिळाली असावी, दागिन्यांबरोबर.

हे सगळं मी परवा मीनलला फोनवर सांगितलं. पहिल्यांदाच. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, आता असं होणार नाही. नव्या पद्धतीत कुणा एकाला संशयित ठरवायची वाटच बघत नाहीत. कर्ज दिलं त्या दिवसापासूनच थोडासा तोटा धरून चालायचं. प्रत्येकाच्या बाबतीत. वेळेवर फेडणाऱ्याच्यासुद्धा."

"म्हणजे सगळ्यांवरच संशय?"

"थोडा थोडा. म्हणजे कुणालाच लागत नाही."

"आणि आकडा? तो तर दिसतो ना छापलेला?"

"सगळ्यांचा मिळून एकच आकडा असतो आजी. त्यात आपला कुठला, हे कुणालाच ओळखता येत नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. मामाजी असते तर त्यांना टपालानं काहीच कळलं नसतं. माझा माघ चुकला नसता, स्वेटरला दोन्ही बाह्या झाल्या असत्या. मीनल पलीकडून "आजी, ऐकतेयस ना?" म्हणत होती. मी ऐकत होते. गॅलरीच्या जाळीपाशी उभी होते आणि मला पुन्हा शिंका येत होत्या.

"मीनल," मी म्हटलं, "मग एखाद्याचा संशय फिटला, तर त्यानं कुणाच्या पायरीवर येऊन उभं राहायचं?"